चौकोन, रफार आणि वाशीम : संगणकावरील मराठीची कथा

ओ, के, एफ, एक अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि शेवटी ई. या सहा कळी ओळीने दाबल्या की काय उमटते, असा प्रश्न वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील कोणत्याही जुन्या डीटीपी चालकास विचारावा. उत्तर क्षणार्धात मिळेल : ‘वाशिम’. मात्र त्यासाठी संगणकात कृतिदेव हा फॉन्ट असावा लागतो. तो नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली, तर जिल्ह्याचे नाव नाहीसे होऊन पडद्यावर केवळ त्या रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. रिसोडचे होते एफ-जे-एल-के-एस-एम. कर्ज या शब्दाचे होते डी-टी-झेड. तालुक्याच्या गावातून पेन ड्राइव्हमध्ये आणलेला अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी अशा अवस्थेत उघडल्यावर होणारा मनस्ताप ज्याने अनुभवला नाही, असा संगणकप्रेमी विदर्भात तरी विरळा.

संगणकाची आवड असणाऱ्या माणसाच्या दैनंदिन व्यथा जगभर सारख्याच असतात. यंत्र अवेळी बंद पडते, प्रिंटरमध्ये कागद अडकतो, काल चालणारे सॉफ्टवेअर आज चालत नाही. मराठी माणसाच्या वाट्याला त्यांच्या जोडीने आणखी एक व्यथा आली. त्याची अक्षरेच त्या यंत्राला ठाऊक नव्हती. ती ठाऊक होईपर्यंत जवळजवळ २० वर्षे गेली, आणि त्या काळात झालेल्या तडजोडींचे अवशेष आजही सरकारी कागदांत, लग्नपत्रिकांत आणि सातबाऱ्यावरील नावांत आढळतात.

नवा जिल्हा, नवे यंत्र

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातील बहुसंख्य ग्रामीण. जिल्हा जन्मला त्याच सुमारास ‘विंडोज ९८’ बाजारात आले होते. म्हणजे हा जिल्हा आणि घराघरांत पोचलेला संगणक हे साधारण एका वयाचे म्हणता येतील.

सामान्य माणसापर्यंत संगणक नेण्याचे मोठे श्रेय ‘एमएस-सीआयटी’ला द्यावे लागेल. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (एमकेसीएल) तंत्रशिक्षण मंडळाच्या सहकार्याने हा अभ्यासक्रम आणला आणि तालुक्या-तालुक्यांत त्याची केंद्रे निघाली. शासकीय नोकरीसाठी संगणक प्रमाणपत्राची अट आल्याने या केंद्रांत तरुणांच्या जोडीने पन्नाशीतले शिक्षक आणि लिपिकही माऊस हाती धरण्याचा सराव करू लागले. त्यांचा शिकवणीचा बराचसा वेळ वीज येण्याची वाट पाहण्यात जाई, हे मात्र कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदलेले नाही.

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात अनेक तासांचे भारनियमन हा दिनक्रमाचाच भाग होता. संगणकप्रेमींच्या सवयी त्या वेळापत्रकाने घडवल्या. दर दोन ओळींनंतर कंट्रोल आणि एस या कळी दाबणे, यूपीएस किंचाळू लागताच फाईल बंद करून मगच उसंत घेणे, वीज परतल्यावर ‘विंडोज नीट बंद केले नव्हते’ अशी तक्रार करीत चालणारी निळ्या पडद्यावरील स्कॅनडिस्कची तपासणी मुकाट्याने पाहत बसणे, हे सारे त्या काळचे संस्कार होत. यंत्र सुरूच झाले नाही, तर कॅबिनेट उघडून रॅम बाहेर काढायची, तिची सोनेरी टोके शाळकरी खोडरबराने घासायची आणि ती पुन्हा खाचेत बसवायची. हा उपाय हास्यास्पद वाटतो. पण संपर्कबिंदूंवर चढलेले किटण त्याने खरोखरच निघते आणि एक बीप होऊन यंत्र जागे होते. माऊसमधील रबरी गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडणे हाही असाच एक विधी. विदर्भातील धूळ आणि उन्हाळ्यातील ४० अंशांवरचे तापमान यांनी येथील प्रत्येक हौशी माणसाला थोडेफार दुरुस्तीकाम शिकवलेच.

अक्षरांचा मुखवटा

विजेचा प्रश्न यूपीएसने किंवा पुढे इन्व्हर्टरने सुटत असे. मराठीचा प्रश्न अधिक खोल होता.

संगणक अक्षर ओळखत नाही, तो केवळ आकडे ओळखतो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर दाखवायचे, याचा करार म्हणजे संकेतप्रणाली. इंग्रजीचा असा करार १९६० च्या दशकातच झाला होता. भारतीय लिपींसाठी आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित झाले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते वाढवले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानकही जाहीर केले. म्हणजे शास्त्रशुद्ध मार्ग उपलब्ध होता. परंतु विंडोजच्या युगात बाजारात रुळला तो आडमार्ग.

तो आडमार्ग असा. संगणकाला वाटते की आपण रोमन ‘के’ लिहीत आहोत. फॉन्टमध्ये मात्र त्या ‘के’च्या जागी काना काढून ठेवलेला असतो. ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी, ‘झेड’च्या जागी रफार. पडद्यावर मराठी दिसते, कागदावर मराठी छापली जाते; परंतु यंत्राच्या स्मृतीत मराठीचे एक अक्षरही नसते. रोमन अक्षरांवर चढवलेला तो देवनागरीचा मुखवटा होय. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. कृतिदेव, शिवाजी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या ‘आयएसएम’मधील सुरेख आणि योगेश, यांपैकी एकात लिहिलेले दुसऱ्यात वाचता येत नसे. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचेही तेच. प्रत्येकाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, आणि डायल-अप जोडणीवर तो उतरेपर्यंत बातमी शिळी होई.

या पद्धतीचे तोटे ठाऊक असूनही ती टिकली, त्याला कारण होते. छापखान्याला शोध घ्यायचा नसतो, त्याला छापायचे असते. पेजमेकर आणि कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरना मुखवट्याची मराठी विनातक्रार चालत असे. लग्नपत्रिका, सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे पत्रक हे सारे त्यातून सुबक निघे. शिवाय टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना कृतिदेवचा कळफलक परिचयाचा वाटे, कारण त्याची मांडणी रेमिंग्टन यंत्रावर बेतलेली आहे. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देऊन नोकरीत आलेल्या लिपिकांनी तो आपलासा केला, यात नवल नाही.

युनिकोडचे आगमन

जगातील सर्व लिपींसाठी एकच करार असावा, या उद्देशाने १९९१ मध्ये युनिकोड संघटना स्थापन झाली. तिने देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र वसाहत दिली आणि तिची रचना इस्कीच्या धर्तीवर केली. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी या सर्व भाषा याच वसाहतीत नांदतात. ‘विंडोज २०००’ने तिला प्रथम आसरा दिला, त्यासाठीचा ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. त्यानंतर २००१ मध्ये ‘एक्सपी’ आले.

एक्सपीमध्ये मराठी होती, पण झोपलेली होती. तिला जागे करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून, भाषांच्या पानावर जटिल लिपींसमोरील चौकटीत खूण करावी लागे. खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. सुट्या भागांतून जोडून घेतलेल्या संगणकांसोबत ती सीडी क्वचितच मिळत असे, आणि मग मित्रमंडळींत एक सीडी हातोहात फिरे. तिच्यावरील ओरखडे सोसून फायली उतरल्या, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि आतापर्यंत चौकोनांच्या रांगा दाखवणाऱ्या पानावर स्वच्छ मराठी वाक्ये उमटली, की होणारा आनंद आजच्या पिढीला समजावून सांगणे कठीण आहे. त्यांच्या भ्रमणध्वनीत मराठी आयतीच असते.

या रिकाम्या चौकोनांना परदेशी तंत्रज्ञ ‘टोफू’ म्हणतात. सोयाबीनच्या पनीरच्या वड्यांसारखे दिसतात म्हणून. गुगलने आपल्या फॉन्टमालेला ‘नोटो’ हे नाव दिले ते ‘नो टोफू’ यावरूनच. वाशीमकरांना या चौकोनांवरून आणखी एक गोष्ट आठवायला हरकत नाही. हे शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीय याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटाचा काही भाग संस्कृतात तर काही प्राकृतात आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांतील अक्षरांच्या माथ्यावर लहानशी पेटी असते. लिपितज्ज्ञ तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. त्या पेट्यांखाली निदान अक्षर तरी होते.

भ्रमणध्वनीवर हा चौकोनांचा काळ थोडा लांबला. साध्या फोनवर आणि अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांवर मराठी संकेतस्थळे वाचता येत नसत. तेव्हा ‘ऑपेरा मिनी’ या न्याहाळकातील एक आडवळणाची सोय फार लोकप्रिय झाली. पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ लिहिले की उघडणाऱ्या पानावर जटिल लिपींसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय असे. तो निवडल्यावर मराठी मजकूर चित्रांच्या रूपाने येई. पान हळू उतरे, डेटा अधिक खर्ची पडे. पण वाचता येई. ही युक्ती महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पसरली.

एका शब्दाची परीक्षा

युनिकोड आल्याने सर्व प्रश्न सुटले, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मराठीची परीक्षा पाहणारा एक शब्द आहे, आणि तो कृषिप्रधान जिल्ह्याच्या कारभारात सर्वाधिक वेळा येणाऱ्या शब्दांपैकी आहे : ‘शेतकऱ्यांना’.

या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर हिंदीत नाही. हिंदीत र् आणि य जोडले की रफारच होतो, जसे ‘कार्य’. मराठीत मात्र दोन्ही आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. आचार्यांना दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. दर्या समुद्राचा, दऱ्या डोंगरातल्या. डोक्यावर न बसता अक्षराच्या पुढे आडव्या कोयरीसारखा येणारा हा अर्धा र संगणकाने कसा ओळखावा?

युनिकोडमध्ये त्याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत नेहमीच्या ‘र’ऐवजी खाली बिंदू असलेला निराळा ‘ऱ’ वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसरीत नेहमीचा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचे एक अदृश्य चिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. परंतु मोजून पाहिल्यास पहिल्या वाटेने लिहिलेल्या ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात ११ संकेत भरतात, दुसऱ्या वाटेने लिहिल्यास १२. माणसाला एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द ठरतो. परिणामी हजार पानांच्या फायलीत ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यास यंत्र ‘सापडला नाही’ असे निर्विकारपणे सांगू शकते, आणि शब्द तर डोळ्यांपुढे असतो.

दुसऱ्या वाटेत आणखी एक धोका दडलेला आहे. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असे मानून माहितीसाठ्याची सफाई करणाऱ्या आज्ञावल्या असतात. त्यांनी ते चिन्ह काढून टाकले की शब्दाचा होतो ‘शेतकर्यांना’. अनेक परिपत्रकांत आणि संकेतस्थळांवर दिसणारा हा रफारी शेतकरी लिपिकाच्या अज्ञानातूनच येतो असे नाही. बहुधा तो असा सफाईत जन्मलेला असतो. म्हणून जाणकार पहिली वाट धरण्याचा सल्ला देतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ ही शिफ्टसह ‘जे’ कळीवर स्वतंत्रपणे मिळते.

‘ॲ’ची कथा अशीच. ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’, ‘ॲड्.’ यांतील हे अक्षर मराठीला रोज लागते. पण त्याला युनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई. ते रूप आजही प्रचारात आहे. मंगल फॉन्टमधील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, ही तक्रारही जुनीच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली व १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यात सुधारणा केल्या. मराठी वळणाचे मोफत फॉन्टही आता उपलब्ध आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ त्यांपैकी एक. तो बसवून घेतला की जुन्या क्रमिक पुस्तकातली अक्षरे पडद्यावर भेटल्यासारखे वाटते.

यादी लावतानाही यंत्राचे मत वेगळे पडते. मराठी शब्दकोशांच्या परंपरेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचे स्थान बहुधा शेवटी. युनिकोडच्या हिशेबी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष; त्यामुळे एक्सेलमध्ये नावे लावली की क्षीरसागर ‘क’च्या गर्दीत जाऊन बसतात आणि ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये. हजेरीपट पाहून शिक्षक चकित होतात. शुद्धलेखन तपासनिसाची तऱ्हा त्याहून वाईट. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘वाशीमकरांनाही’ या एका शब्दात गाव, गावकरी, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय असे चार थर आहेत. शब्दांची यादी पाठ केलेल्या तपासनिसाला असे थर उकलता येत नाहीत, आणि निर्दोष परिच्छेद लाल रेघांनी भरून जातो. बहुतेक जण अखेरीस ती सोय बंदच करून टाकतात.

पैशाचा प्रश्न

काही अडचणी थेट खिशाला भिडतात. इंग्रजी लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत ७०. कारण इंग्रजी अक्षरे सात ‘बिट’मध्ये बसतात, युनिकोडच्या प्रत्येक संकेताला सोळा लागतात. शिवाय ही ७० म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरे नव्हेत, काना-मात्रा आणि हलन्तासह मोजलेले संकेत. ‘शेतकऱ्यांना’ या दिसायला पाच अक्षरांच्या शब्दातच ११ संपतात. त्यामुळे पावसाचा इशारा किंवा बाजारभाव मराठीत कळवायचा तर एकाऐवजी दोन-तीन संदेशांचे पैसे पडत. रोमन लिपीत ‘पाऊस येणार’ लिहिण्याची सवय मराठी माणसाला लागली, तिच्यामागे आळस जेवढा होता तेवढाच हा हिशेबही होता.

याहून गंभीर प्रश्न नावांचा. २०१७ मध्ये राज्य शासनाने जाहीर केलेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. कर्जमाफीच्या त्या अर्जांसाठी गावोगावच्या सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. बँकेतील नाव इंग्रजीत, सातबाऱ्यावरील मराठीत, आधारवर दोन्ही भाषांत. आणि तिन्हींचे लेखन एकसारखे असेलच याची शाश्वती नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेतही आधारप्रमाणे नाव दुरुस्त करून घेण्याचे काम अनेकांच्या मागे लागले. अलीकडे शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधार आणि सातबारा यांवरील नावांची तुलना यंत्रच करते. ‘सीताराम’ आणि ‘सिताराम’ हा माणसाच्या दृष्टीने एकच गृहस्थ. यंत्राला ते दोघे वाटू शकतात. रोमन लिपीत तर दीर्घ-ऱ्हस्वाचा भेदच उरत नाही, ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. एका वेलांटीपायी अनुदानाचा हप्ता अडकणे ही अतिशयोक्ती राहिलेली नाही.

गावांची नावे याहून मजेशीर घोळ घालतात. नावाचे लेखन नियमाने ‘वाशीम’ असे व्हावे, कारण अकारान्त मराठी शब्दाच्या अखेरच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ असतो. पण शासकीय कागदांत ‘वाशिम’ रूढ आहे. मंगरूळपीर आणि मंगरुळपीर अशी दोन्ही रूपे सापडतात. मालेगाव म्हटले की यंत्र आधी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव पुढे करते, आणि कारंजा नावाचा तालुका वर्धा जिल्ह्यातही आहे. म्हणूनच एकाला कारंजा लाड आणि दुसऱ्याला कारंजा घाडगे म्हणण्याची प्रथा. अर्जातील जिल्ह्याची निवड न करता थेट तालुका शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आज काय करावे?

मराठी टंकनासाठी आज प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला इनस्क्रिप्ट. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. त्यावर ‘वाशीम’ लिहायला बी, ई, शिफ्टसह एम, आर आणि सी अशा पाच कळी लागतात. शब्द जसा उच्चारतो त्याच क्रमाने. ‘रिसोड’ लिहितानाही आधी र आणि मग वेलांटी. कृतिदेवमध्ये आधी वेलांटी आणि मग र असे. जुन्या हातांना हा उलटा क्रम आरंभी फार त्रास देतो. विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांत इनस्क्रिप्ट आहे, म्हणून एकदा शिकण्याचे श्रम वाया जात नाहीत. दुसरा मार्ग रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिण्याचा. तो तासाभरात जमतो. पण ऱ, ळ, ण यांसाठी शिफ्टची कसरत करावी लागते आणि पुष्कळदा यंत्र सुचवील तोच शब्द लेखक मुकाट्याने स्वीकारतो. तिसरा मार्ग बोलण्याचा. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. लिहिता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही त्यामुळे निरोप धाडता येऊ लागला. वऱ्हाडी बोलीतील क्रियापदांचे मात्र यंत्र अनेकदा परस्पर प्रमाण मराठीकरण करून टाकते.

टंकलेखन यंत्राची शासकीय परीक्षा राज्यात २०१७ मध्ये शेवटची झाली व संगणक टंकलेखन परीक्षेने तिची जागा घेतली. ज्या संस्थांत एकेकाळी वीस यंत्रांचा खडखडाट चाले, तेथे आता कळफलकांची हलकी टकटक ऐकू येते. उमेदवारांनी एवढेच पाहावे की आपण सराव करतो तो कळफलक आणि परीक्षेत मिळणारा कळफलक एकच आहे.

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या असल्यास परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्या वापरताना प्रथम मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवावी. मजकुरात मधे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी वेगळे करावेत, अन्यथा यंत्र त्यांनाही मुखवट्यामागची मराठी समजून विचित्र अक्षरांत बदलून टाकते. परिवर्तनानंतर तीन गोष्टी हाताने तपासाव्यात : पहिली वेलांटी योग्य अक्षरावर आली आहे का, रफार एक अक्षर मागे-पुढे सरकला आहे का, आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला आहे का. आकडेही पाहावेत. जमिनीच्या गटक्रमांकात एखादे चिन्ह अंकासारखे वाचले गेले, तर ती चूक वाचून सहसा ध्यानात येत नाही.

पीडीएफमधून मराठी मजकूर उचलण्याचा प्रयत्न अद्याप बेभरवशाचा आहे. पडद्यावर सुंदर दिसणारे पान चिकटवल्यावर काना एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे होते, कारण पीडीएफ अक्षरांचे आकार जपते, त्यांचा उच्चारक्रम जपेलच असे नाही. अशा वेळी पानाचे चित्र काढून अक्षरओळख करणाऱ्या आज्ञावलीकडे देणे हा उलटा वाटणारा मार्ग पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.

डीटीपीच्या दुकानांत मात्र दोन्ही जगे शेजारी नांदतात. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी नीट समजते. तरी वर्षानुवर्षे जमवलेले लग्नपत्रिकांचे नमुने, गणपतीची चित्रे आणि कवितेच्या चार ओळी जुन्याच फॉन्टमध्ये आहेत. ते कोण पुन्हा टंकित करणार? ग्राहक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये धाडतो, चालक तो परिवर्तकातून उलट्या दिशेने कृतिदेव किंवा श्रीलिपीत नेतो, कोरलड्रॉमध्ये बसवतो आणि नमुना म्हणून त्याचे चित्र पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. वधूपक्ष ते चित्र मोठे करून वाचतो आणि आजोबांच्या नावातील रफार चुकल्याचे कळवतो.